अभिनंदनची गुरगुर माहेरी गेली

सातव्या गाण्याचं रेकॉर्डिंग चालू असताना अभिनंदनची गुरगुर माहेरी निघून गेली.

ती सांगून गेली, हे आधीच स्पष्ट करतो, कारण नंतर काही लोक आम्ही तिला छळलं असं बोलायला लागले. दुसरं कडवं संपलं होतं आणि अभिनंदननं पुढच्या ओळीसाठी तोंड उघडलं होतं. तेवढ्यात आम्हा सगळ्यांच्या हेडफोनमध्ये स्वच्छ ऐकू आलं, "आईला बरं नाही. जाऊन येते." पुढची ओळ अभिनंदननं म्हटली खरी, पण नुसत्या आपल्या आवाजात. राजश्रीनं गिटार खाली ठेवली आणि त्याच्याकडे बघत राहिली.

आमच्या बँडचं नाव 'अस्थिकलश'. आम्ही डेथ मेटल वाजवतो. डेथ मेटल म्हणजे काय, हे मी एकदा आईला समजावून सांगितलं होतं: खूप मोठ्यानं, खूप वेगानं, मेलेल्या माणसांविषयी. ती म्हणाली, "म्हणजे वाटणीची भांडणं." सांगली जिल्ह्यात आमचा पहिला नंबर लागतो, कारण दुसरा बँड नाही. अभिनंदन मगदूम गातो, एरवी त्याचं खतांचं दुकान आहे. ड्रमवर अल्ताफ मुजावर, ज्याच्या घरचा लग्नाचा बँड आहे. गिटार वाजवणारी राजश्री कांबळे दवाखान्यात नर्स आहे. मी दूध संघात दुधाचं फॅट तपासतो आणि इथं बेस गिटार वाजवतो. बेस कोणाला ऐकू येत नाही. त्यामुळे मला बाकीच्यांचं सगळं नीट ऐकू येतं.

या संगीतात गाणारा गात नाही, गुरगुरतो. पोटाच्या तळातून काढलेला, दगडावर दगड घासल्यासारखा तो आवाज असतो, आणि तो नसेल तर उरलेल्या तिघांनी घरी जावं हे उत्तम. अभिनंदनची गुरगुर अशी होती की पुण्यातले जाणकार तिच्यासाठी एसटीनं सांगलीला येत. अभिनंदनसाठी कोणी येत नसे. हे त्यालाही माहीत होतं.

स्टुडिओ आवटी सरांचा. त्यांच्या घराच्या माडीवर भिंतींना जुन्या गाद्या ठोकून त्यांनी तो केला आहे. तिथं एरवी भजनी मंडळं आणि निवडणुकीच्या रिक्षांच्या घोषणा रेकॉर्ड होतात. सर शांत माणूस. त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा काढून पुसला आणि विचारलं, "सांगून गेली की न सांगता?"

"सांगून," अल्ताफ म्हणाला.

"'जाते' म्हणाली की 'जाऊन येते' म्हणाली?"

"'जाऊन येते' म्हणाली सर. सगळ्यांनी ऐकलं."

"मग रजेवर आहे असं धरायचं. मागं एका कीर्तनकारांचा खर्ज न सांगता गेला होता. तो शेवटी नृसिंहवाडीच्या घाटावर सापडला, पण परत यायला तयार नव्हता. तशी ही केस नाही." सरांनी चष्मा लावला. "माहेर कुठलं?"

"ढालेवाडी," अभिनंदन म्हणाला. "माझ्या मामाची पिठाची गिरणी आहे."

तो नववीत असताना मे महिन्याच्या सुट्टीत मामाकडे राहायला होता. दिवसभर गिरणीत पोत्यावर बसायचा. भूपालमामाची गिरणी जुनी, तेलाच्या इंजिनावर चालणारी, आणि दगड फिरायला लागले की अख्ख्या गल्लीतली भांडी मांडणीवर हलायची. सुट्टी संपली. परत येताना एसटीत अभिनंदननं तोंड उघडून "सांगली एक" म्हटलं आणि कंडक्टरनं काही न विचारता दोन तिकिटं फाडली. तेव्हा कळलं की गिरणीची गुरगुर त्याच्याबरोबर आली आहे.

मामाचीच लेक म्हटल्यावर घरात कोणी फारसं बोललं नाही. मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क आमच्याकडे धरतातच. पण ओटी भरणं नाही, पाठवणी नाही, दारात निरोप नाही. ती आली ती अंगावरच्या पिठानिशी आली. मामा विसरला, त्रिशलामामी विसरली नाही. भाचा कधी गावी गेलाच तर त्याला चहा मिळायचा, पण 'जावई' ही हाक मिळत नसे.

"आजवर किती वेळा धाडलंस रे तिला माहेरी?" राजश्रीनं विचारलं.

अभिनंदन हेडफोनची वायर गुंडाळायला लागला.

"पंचमीला तरी?"

"पंचमीला आपला पुण्याला कार्यक्रम असतो."

"दिवाळीला?"

"दिवाळीत दुकान असतंय की गं."

"वा," राजश्री म्हणाली. "माझ्या सासूनं असं केलं असतं तर मी तिच्या डोक्यात गिटार घातली असती."

आम्ही वाट पाहिली. दरम्यान अभिनंदननं नुसत्या आवाजात 'आतड्यांची माळ' हे अर्धवट राहिलेलं सातवं गाणं पुरं करायचा प्रयत्न केला. त्याचा मूळचा आवाज बारीक आणि अदबशीर आहे, गिऱ्हाइकाला पावती हवी का विचारणारा. त्या आवाजात 'मी तुझ्या फासळ्या मोजीन' ही ओळ ऐकली की वाटायचं, हा मोजेल आणि बेरीज तपासूनही देईल. आवटी सरांच्या पत्नी चहा घेऊन आल्या होत्या, त्यांनी ते उभ्यानं ऐकलं आणि म्हणाल्या, "किती गोड म्हणतो हो मुलगा." अभिनंदननं हेडफोन काढून ठेवला.

त्या दिवशी तो माझ्याबरोबर कोपऱ्यावरच्या टपरीपर्यंत आला. चहा सांगितला आणि प्यायला नाही.

"गुरवा, ती परत न्हाय आली तर?" तो म्हणाला.

"येते म्हणालीये ना."

"म्हणाली रं. पण मी तिला कधी विचारलंच नव्हतं, येतीस का म्हणून. आली, म्हणून घेऊन आलो. तिच्याशिवाय मला कोण ओळखतंय सांग. दुकानात 'शेठ, दोन पोती युरिया.' घरात 'अभ्या, गॅस बंद कर.' स्टेजवर ती असती म्हणून मी असतो. आणि आता वाटतंय, ती मनापासून होती का माझ्याकडं?"

बारा वर्षं मी त्याच्या शेजारी उभा राहून वाजवतोय, आणि त्याला असा घाबरलेला मी पाहिला नव्हता. मला त्याचं वाईट वाटलं आणि थोडा रागही आला, कारण अल्बम माझाही होता.

शेवटी अल्ताफनं तोडगा काढला. तो म्हणाला, ती तिकडं आहे, आपण इकडं आहोत, मग माइक तिकडं नेला की झालं. दोन गाणी राहिली आहेत. तिथंच गिरणीत बसून गाऊ दे तिला. आईजवळही राहील आणि कामही होईल. हे आम्हाला इतकं बिनतोड वाटलं की आम्ही अल्ताफची पाठ थोपटली. राजश्रीची ड्यूटी होती म्हणून ती नव्हती. ती असती तर पुढचं सगळं टळलं असतं.

आवटी सरांच्या व्हॅनमध्ये माइक, स्टँड, वायरींची वेटोळी भरून आम्ही ढालेवाडीला गेलो. गिरणी चालू होती, पण दगड मधेच अडखळत होते, इंजिन ठसकत होतं, आणि दर ठसक्याला मामा पट्ट्यावर हात ठेवायचा. शेजारीच नवी विजेची चक्की बसवलेली होती. ती झाकून ठेवली होती, आजारी माणसासमोर नव्या कपड्यांची घडी मोडू नये तशी.

भिंतीत एक कोनाडा होता. त्यात पिठाचा थर होता आणि तो थर सारखा थरथरत होता. गुरगुर तिथं बसली होती. कान दिला की गिरणीच्या आवाजाखाली तिचा आवाज वेगळा ऐकू येत होता, हळू, एकसुरी, पाय चेपताना माणूस काहीबाही बोलत राहतो तसा.

अभिनंदन कोनाड्यासमोर उभा राहिला. "बरी हैस का?" त्यानं विचारलं.

पीठ क्षणभर थांबलं, मग पुन्हा थरथरायला लागलं.

तोवर आवटी सरांनी स्टँड उभा केला होता आणि अल्ताफ माइक कोनाड्याकडे वळवत होता. मामी परातीत बाजरी घेऊन आत आली. तिनं माइककडं बघितलं, वायरीवरून नजर फिरवत व्हॅनपर्यंत नेली आणि परत आणली. परात खाली ठेवली.

"हे काय मांडलंय?"

"दोनच गाणी आहेत मामी," अल्ताफ म्हणाला. "तासाभराचं काम. तिला कुठं जायला नको, काय नको."

"तू कोण?"

"मी ड्रम वाजवतो."

"तुला भन हाय?"

"दोन."

"त्या माहेरी आल्या की तुझी आई त्यांना काय काम लावती?"

अल्ताफचा हात माइकवरून खाली आला.

"माहेरी आलेल्या लेकीला आम्ही पाण्याचा तांब्या उचलू देत न्हाय," मामी म्हणाली. आवाज चढवला नव्हता, त्यामुळे जास्त लागत होता. "हितं आई हातरुणाला खिळलीया. पोरगी रातध्याड उशाशी बसलीया. आणि तुम्ही तिला गायला बसवताय? ते बी हितं येऊन, तिच्या आईम्होरं?" मग ती अभिनंदनकडं वळली. "अभ्या, नेताना इचारलं न्हायस. एका पंचमीला धाडली न्हायस. आता आलास तर यंतर घिऊन आलास. रिकाम्या हातानं आला असतास तर बरं वाटलं असतं."

आवटी सरांनी स्टँड मिटवला. ते म्हणाले, "चूक आमची आहे. नियमात हे बसत नव्हतं, मला कळायला हवं होतं." मामीनं त्यांना आणि आम्हाला जेवायला वाढलं, कारण भांडण वेगळं आणि पंगत वेगळी. अभिनंदनच्या ताटात तिनं तूप वाढलं नाही. त्यानंही मागितलं नाही.

राजश्रीनं हे सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाली, "मूळ धाडायचं असतं. घरचं माणूस जातं, ओटीचं सामान नेतं, विचारतं, कधी पाठवता. आणि आई आजारी असली तर तेही विचारायचं नसतं, नुसतं जाऊन बसायचं असतं."

आम्ही कधी जायचं हे ठरवतच होतो. तेवढ्यात मामाचा फोन आला. अभिनंदन दुकानात होता आणि मी पोत्यावर बसलो होतो, त्यामुळे मला दोन्ही बाजू ऐकू आल्या.

"गिरणी थांबली रं," मामा म्हणाला.

"फिटर घेऊन येऊ?"

"फिटरची येळ गेली. तू ये."

आम्ही चौघं आणि आवटी सर असे गेलो. गिरणीच्या दारात माणसं बसली होती. पुरुष बाहेर, बायका आत दगडांभोवती. जिचं पीठ खाऊन अर्धं गाव वाढलं होतं, ती गेली होती, त्यामुळे जो तो हातातलं काम टाकून आला होता. मामानं इंजिनावर पांढरं धोतर पांघरलं होतं. तो एका बाजूला उकिडवा बसून नुसता पट्ट्याकडं बघत होता. तो पट्टा इतक्या वर्षांत गावानं कधीच लोंबताना पाहिला नव्हता.

इथं एक गोष्ट कबूल करायला हवी. आम्ही सहा गाण्यांमध्ये मिळून चांगलं स्मशानभर मेलेलं जमवलं होतं. कवट्या, कृमी, कुजलेली सिंहासनं, सगळं. आणि मयताच्या घरी दारात चपला कुठं काढायच्या हे आम्हाला समजेना. अल्ताफनं हात पुढं बांधले, मागं बांधले. मी काळा टी-शर्ट घालून गेलो होतो, त्यावर रक्ताचे ओघळ छापलेले. मी त्यावर हात धरून उभा राहिलो. एकटी राजश्री सरळ आत गेली, मामीच्या शेजारी बसली आणि तिचा हात हातात घेतला. तिला रोजची सवय होती.

बायका रडत होत्या. पण कोनाड्यातलं पीठ हलत नव्हतं.

"सकाळधरनं अशीच हाय," मामी राजश्रीला म्हणाली. "हूं न्हाय का चूं न्हाय. म्या हाका मारल्या. ह्यांनी मारल्या. पोरगी रडली पायजे गं. रडली न्हाय तर आतल्या आत बसंल तिची वाचा."

एका म्हातारीनं कोनाड्याजवळ जाऊन गिरणीचे गुण मोठ्यानं सांगितले, कशी बारीक दळायची, कसं कुणाला परत पाठवलं नाही. एकीनं बाजरी पुढं केली. काही झालं नाही. सगळ्या बायका मग अभिनंदनकडं बघायला लागल्या. हक्काचं माणूस तोच होता, नात्याला नाव नसलं तरी.

अभिनंदन आत आला आणि कोनाड्यासमोर मांडी घालून बसला. मला वाटलं, हा आता माफी मागेल, आणि मला वाटलं की मागू नये, कारण दुसऱ्याच्या दुःखात आपली माफी घुसवणं बरं नव्हे. त्यानं मागितली नाही. त्यानं गायला सुरुवात केली.

त्याला पाठ असलेली गाणी आमचीच. त्यातलं त्यानं 'आतड्यांची माळ'चं राहिलेलं शेवटचं कडवं घेतलं. नुसत्या आपल्या बारीक, अदबशीर आवाजात.

*मातीनं मातीला हाक मारली,*
*हाडांनी हाडांना ओ दिली.*
*किड्यांनो, सावकाश जेवा,*
*आता घाई कुणाला राहिली?*

या ओळी आम्ही तालमीत शेकडो वेळा वाजवल्या होत्या, इतक्या वेगानं आणि इतक्या मोठ्यानं की शब्द मी स्वतः त्या दिवशी पहिल्यांदा ऐकले. बायकांचं रडणं हळूहळू थांबलं. त्या ऐकायला लागल्या. धान्याच्या घरात किड्यांना कोणी परकं मानत नाही, त्यामुळे त्या ओळीला दोघी-तिघींनी मान हलवली. अभिनंदननं कडवं पुन्हा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. 'घाई कुणाला राहिली' म्हणताना त्याचा आवाज चिरकला, त्यानं तो सावरला नाही.

कोनाड्यातलं पीठ हललं.

आणि मग ती रडली. कसं सांगू. पत्रे वाजायला लागले. आढ्यावर साठलेलं कित्येक वर्षांचं पीठ एकदम सुटलं आणि आमच्या सगळ्यांच्या डोक्यांवर, खांद्यांवर, इंजिनावरच्या धोतरावर पडायला लागलं. गल्लीतली भांडी मांडणीवर हलली, जशी गिरणी चालू असताना हलायची. बारा वर्षांत, एकाही स्टेजवर, एकाही तालमीत तिच्यातून असा आवाज आला नव्हता. पोटातून नव्हे, जमिनीतून येत होता. डेथ मेटल वाजवणारा जगातला कुठलाही माणूस हा आवाज मिळावा म्हणून उजवा हात देईल, हे मला तिथं उभ्या उभ्या कळत होतं.

माझ्या शेजारी आवटी सर उभे होते. त्यांच्या खिशात छोटा रेकॉर्डर असतो, नेहमीच असतो. त्यांचा हात खिशात गेला. मी त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी हात बाहेर काढला, त्यात रुमाल होता. त्यांनी चष्म्यावरचं पीठ पुसलं.

बऱ्याच वेळानं ती शांत झाली. पांढऱ्या झालेल्या मामीनं डोळ्यांना पदर लावला. "झाली बया मोकळी," ती म्हणाली. मग अभिनंदनकडं वळून तिनं विचारलं, "तू हेच गातोस व्हय, स्टेजवर?"

"व्हय."

"चांगलं हाय की. मग येवढं वरडता कशाला?"

अल्ताफनं डोक्यावरचं पीठ झटकायला घेतलं.

सुतक फिटेपर्यंत गुरगुर तिथंच राहिली. सुतकात गाणं नाही, हे सर्वमान्य असल्यामुळे आवटी सरांनी आमच्या वेळा एका भारुडाच्या पार्टीला दिल्या. सुतक फिटल्यावर अभिनंदन मूळ घेऊन गेला, आणि मी सोबतीला, कारण एकट्यानं जाऊ नये असं राजश्रीनं बजावलं होतं. एसटीनं गेलो. पिशवीत नारळ, खण आणि बाजरी होती. साडीवर आमची चर्चा झाली होती, पण मापाचा प्रश्न आला.

अभिनंदननं पिशवी मामीसमोर ठेवली आणि कोनाड्याकडं तोंड केलं. "न्यायला आलो न्हाय," तो म्हणाला. "इचारायला आलोय. येतीस का? न्हाय म्हणालीस तरी पंचमीला, दिवाळीला मी येत जाईन."

पीठ थरथरलं. गुरगुर बोलली ती त्याच्याशी नाही, मामीशी. मामीला ती काकी म्हणायची. का, हे मी विचारलं नाही.

"काकी, आई गेली. आता माझं माहेर संपलं."

असं आमच्याकडं म्हणतातच. आई गेली की माहेर गेलं. म्हणताना सगळेच मान हलवतात. पण त्या जाड, घोगऱ्या आवाजात ते ऐकलं तेव्हा मी मान हलवली नाही.

मामी उठली. तिनं नव्या चक्कीवरचं झाकण काढलं, शेजारच्या रांजणातलं चिमूटभर ताजं पीठ घेतलं आणि कोनाड्यात जुन्या पिठावर पसरलं. "ह्यो कोनाडा तुझा," ती म्हणाली. "म्या हाय तवर हितं कोण डबा ठेवणार न्हाय का दिवा ठेवणार न्हाय. संपलं म्हणं. पुन्यांदा म्हणशील तर थोबाड फोडीन."

ताजं पीठ थरथरत जुन्यात मिसळलं. मग गुरगुर म्हणाली, "कुंकवाचं ताट काढ."

ओटी भरायला पदर लागतो आणि तिला पदर नव्हता. मामीनं थोडा विचार केला आणि अभिनंदनला त्याचा टी-शर्ट पुढं धरायला सांगितला. त्या ओच्यात तिनं नारळ, खण, तांदूळ आणि दोन मुठी बाजरी घातली. टी-शर्टावर कवटी छापलेली होती. मामीनं कवटीच्या कपाळाला हळदकुंकू लावलं, ते अभिनंदनच्या पोटावर लागलं. मग ती दारापर्यंत आली.

"सावकाश जावा, जावई," ती म्हणाली.

अभिनंदननं वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला. ओच्यातली बाजरी सांडेल म्हणून मी त्याला धरलं. एसटीत बसल्यावर कंडक्टर आला. अभिनंदननं आपण होऊन सांगितलं, "सांगली तीन." कंडक्टरनं आम्हा दोघांकडं बघितलं, आमच्या मधल्या रिकाम्या जागेकडं बघितलं आणि तीन तिकिटं फाडली.

अल्बम पुरा झाला. 'आतड्यांची माळ' अर्ध्यावर थांबतं, तिथं "आईला बरं नाही. जाऊन येते," असं ऐकू येतं. त्यापुढं शेवटचं कडवं अभिनंदनच्या नुसत्या आवाजात आहे. आम्ही त्यातलं काही कापलं नाही. आठव्या गाण्यात ती परत येते. पुण्यातले जाणकार म्हणतात, गुरगुर पूर्वीसारखी राहिली नाही. बरोबर आहे. आई गेल्यावर कोण पूर्वीसारखं राहतं?

अल्बम आला आणि लगेच पुण्याच्या आयोजकांचा पंचमीच्या कार्यक्रमासाठी फोन आला. अभिनंदननं सांगितलं, पंचमीला जमणार नाही, गुरगुर माहेरी जाते. पलीकडून आयोजक म्हणाले, "हो का. आमच्या वहिनीपण चालल्यात." तारीख पुढं ढकलली.

पंचमीला आम्ही सगळेच ढालेवाडीला गेलो, रिकाम्या हातानं. गिरणीसमोरच्या लिंबाला मामानं झोका बांधला होता. जुन्या इंजिनाचा लोंबता पट्टा त्यानं उतरवून, कापून बसायला घातला होता. गावातल्या माहेरवाशिणी आपापल्या पाळीनं बसून गेल्या. मग झोका रिकामा झाला, आणि त्याच्या दोऱ्या हळूहळू थरथरायला लागल्या.

अभिनंदन मागं जाऊन उभा राहिला आणि झोका द्यायला लागला. आधी जपून, मग जोरात. रिकामा पट्टा लिंबाच्या फांद्यांपर्यंत जाऊन परत येत होता आणि अभिनंदन हसत होता. त्याला असा हसताना पाहून अल्ताफनं शिट्टी मारली.

मामी ओट्यावरून ओरडली, "जावई, हळू! पोरीला उंचीचं भ्या वाटतंय."

अभिनंदननं झोका हळू केला.